न दुखणारी पुळी

तोंडात काही नवे उगवले की त्याची खबर सगळ्यांत आधी जिभेला लागते. बँकेत इन्स्पेक्शनला आलेला अधिकारी जसा शंभर पाने सोडून नेमक्या खाडाखोड झालेल्या पानावर बोट ठेवतो, तशी जीभ बत्तीस दातांच्या पसाऱ्यात बरोबर त्या जागी जाऊन पोचते आणि मग तिथून हलत नाही. मोहरीएवढा उंचवटा तिला हरभऱ्याएवढा वाटतो. गृहस्थ बेसिनवरच्या आरशासमोर उभे राहतात, ओठ बोटाने ओढून बघतात, काही दिसत नाही म्हणून चष्मा लावून बघतात आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दिशेने हाक जाते, "अगं, जरा बघ बरं, हिरडीवर काय आलंय ते."

निकाल ठरलेला असतो : उष्णता! मराठी घरात हे एक निदान फार सोयीचे आहे. तोंड आले, डोळे चुरचुरले, नाकाचा घोळणा फुटला, कपाळावर पुटकुळी आली, सगळ्याला उष्णता. मग सब्जाचे पाणी, गुलकंद, ज्येष्ठमधाचा तुकडा. चार दिवसांनी पुळी बसते आणि निदान खरे ठरते. पुळी बसली हे खरे असते. पण ती सब्जाने बसली की तिच्यातला पू रात्री झोपेत निचरून गेला म्हणून बसली, हे विचारायला कोणी थांबत नाही. महिन्याभराने ती पुन्हा त्याच जागी येते, तेव्हा पुन्हा सब्जा भिजत पडतो.

दाढ दुखली की अख्खे घर जागे होते. लवंगेच्या तेलाचा बोळा, गालाला मफलर, रात्रभर येरझाऱ्या. दुसऱ्या दिवशी माणूस स्वतःहून दंतवैद्याच्या दारात उभा असतो. हिरडीवरच्या पुळीला हा मान मिळत नाही, कारण ती बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणजे बरे आहे, असा हिशेब आपण शरीराच्या बाबतीत मांडतो. इतर ठिकाणी तो कितपत बरोबर आहे ते डॉक्टर मंडळी जाणोत; तोंडाच्या बाबतीत मात्र तो फार वेळा उलटा निघतो.

आमच्या एका शाखेत हेड कॅशियर म्हणून एक गृहस्थ होते. नोटा मोजताना त्यांचे बोट कधी चुकले नाही. ऐन दिवाळीच्या गर्दीत त्यांची खालची दाढ दोन रात्री अशी ठणकली, की माणूस काउंटरवर डोळ्यांत पाणी आणून बसायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी हसत आले. "साहेब, दाढ सुतासारखी सरळ झाली. पैसे वाचले." पुढे त्या दाढेखालच्या हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पुळी आली. मधूनच फुटायची, तोंडात खारट-कडवट चव यायची, पुळी बसायची, पंधरवड्याने पुन्हा वर यायची. असे जवळजवळ दीड वर्ष चालले. त्यांना तिची सवय झाली होती. पाहुणे यावेत तशी ती यायची आणि जायची.

त्या दीड वर्षात आत काय चालले होते, ते समजून घेण्यासारखे आहे. दात बाहेरून दगडासारखा दिसला तरी त्याच्या पोटात एक बारीक पोकळी असते आणि तीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. आपण त्याला ढोबळपणे दाताची नस म्हणतो. कीड वरचे कवच आणि त्याखालचा थर पोखरत या पोकळीपर्यंत पोचली, की नस सुजते. अंगावर इतरत्र सूज आली तर कातडी ताणते, फुगते. इथे चहूबाजूंनी टणक भिंती. सुजेला पसरायला जागाच नाही. म्हणून तो जीवघेणा ठणका. काही दिवसांत नस मरते आणि मेलेली नस दुखत नाही. ज्या सकाळी आमचे कॅशियर हसत आले, त्या सकाळी दाढ बरी झालेली नव्हती, मेलेली होती.

नस मेली तरी जंतू जिवंतच असतात. ते मुळाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून बाहेर पडून जबड्याच्या हाडात ठाण मांडतात. तिथे पू साठतो, आणि पुवाचा स्वभाव पाण्यासारखा. मिळेल त्या कमकुवत वाटेने तो बाहेर येतो. हाड झिरपत झिरपत तो हिरडीखाली येतो, हिरडी फुगते, तीच आपली पुळी. म्हणजे पुळी हा रोग नव्हे. ती नाल्याचे तोंड आहे. तोंड उघडे आहे तोवर दाब नाही आणि दाब नाही तोवर दुखणे नाही. नाला कधी बुजला, की मात्र एका रात्रीत गाल असा सुजतो की आरशात स्वतःला ओळखू नये.

कर्जखाती सांभाळलेल्या माणसाला हे चटकन उमगते. रोज केबिनमध्ये येऊन व्याजावरून हुज्जत घालणारा कर्जदार सहसा बँक बुडवत नाही. जो एकाएकी गप्प होतो, पत्राला उत्तर देत नाही, त्याच्या गोदामाला भेट द्यावी लागते.

हे ज्ञान काही आजचे नाही. सुश्रुताने मुखरोगांत दातांच्या मुळाशी होणारे पंधरा विकार मोजले आहेत आणि त्यांत पाच 'नाड्या' आहेत. नाडी म्हणजे इथे पू वाहून नेणारी बारीक वाट. ज्या दाताशी अशी नाडी फुटली, तो दात उपटावा, असा उपायही दिलेला आहे. पुळीचे मूळ हिरडीत नाही, दातात आहे, हे त्या काळच्या शल्यवैद्याने नुसत्या डोळ्यांनी आणि सळईने ओळखले होते. तिकडे इजिप्तचा दुसरा रामेसीस, ज्याची ममी १९७६ साली पॅरिसला नेऊन तपासली गेली, त्याच्याही जबड्यात दातांच्या मुळाशी गळू होते. एवढ्या मोठ्या सम्राटालाही त्यावर धड इलाज मिळालेला दिसत नाही. आपल्याला मिळतो, एवढाच आपल्यात आणि त्याच्यात फरक.

कॅशियरांना शेवटी त्यांच्या मुलीने ओढून नेले. पुळी एका दाताखाली आणि दुखणे शेजारच्याचे, असेही होते. कारण पुवाची वाट सरळच असते असे नाही. म्हणून डॉक्टरांनी पुळीच्या छिद्रातून मऊ, लवचीक अशी एक बारीक काडी आत सरकवली आणि एक्स-रे काढला. काडीचे टोक ज्या मुळाशी जाऊन थांबले तो गुन्हेगार. ही काडी गटापर्चाची असते, मलाया-इंडोनेशियाकडच्या एका झाडाच्या चिकाची. एकोणिसाव्या शतकात समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या तारा टाकल्या, तेव्हा त्यांच्यावर याच गटापर्चाचे वेष्टण चढवले जाई. आज तारायंत्र गेले. गटापर्चा दातांच्या मुळांत राहिला आहे. एक्स-रेमध्ये दाढेच्या टोकाशी सुपारीएवढी काळी सावली दिसत होती. तेवढे हाड खलास झालेले होते. सुदैवाने मूळ शाबूत होते. रूट कॅनाल झाले, म्हणजे आतली मेलेली नस काढून, पोकळी साफ करून, ती त्याच गटापर्चाने बंद केली, वर टोपी बसवली. पुळीला हातही लावला नाही. ती आपोआप नाहीशी झाली आणि वर्षभराने काढलेल्या एक्स-रेमध्ये त्या काळ्या जागी हाड पुन्हा भरून येताना दिसले.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. दीड वर्षात त्यांनी केमिस्टकडून तीन-चार वेळा अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून घेतल्या होत्या. प्रत्येक वेळी पुळी बसली होती. गोळी रक्तातून जाते आणि मेलेल्या दातात रक्तच फिरत नाही. मग ती तिथवर पोचणार कशी? आजूबाजूची सूज ती ओसरवते, मूळ ठाणे जिथल्या तिथे. सूज पसरत असेल, ताप असेल तर डॉक्टर या गोळ्या देतात आणि त्या पुऱ्या घ्याव्यात. पण त्या घेऊन दाताचे काम टाळणे म्हणजे गळक्या नळाखाली बादली ठेवून प्लंबरला परत पाठवणे.

पुळीचा दुसरा प्रकार दाताच्या आतून नाही, दात आणि हिरडी यांच्या फटीतून येतो. दातांवर किटण साचत गेले की हिरडी दाताला सोडू लागते आणि मधे खिसे तयार होतात. अशा खिशात अन्नाचा कण अडकला, खिशाचे तोंड मिटले, की हिरडी फुगून लालभडक आणि गुळगुळीत होते. दाबली तर दुखते, दात हलल्यासारखा वाटतो. कोकणात नि गोव्यात माशाचा काटा, देशावर लाहीचे टरफल, कुठे मोडलेल्या दातकोरणीचे टोक, असे काहीबाही आत सापडते. काढले, साफ केले, की बहुधा आराम पडतो. मात्र अशी गळवे एकामागून एक, वेगवेगळ्या दातांशी येऊ लागली तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. मधुमेह आटोक्यात नसला की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की साखर आटोक्यात यायला कुरकुरते. दोघांची अशी गट्टी आहे. आपल्याकडे साखर तपासणारे पुष्कळ झाले. त्यांच्यापैकी हिरड्या दाखवणारे किती, हा प्रश्न मधुमेही वाचकांनी स्वतःला विचारावा.

सतरा ते पंचविशीतल्या मुलामुलींना शेवटच्या दाढेमागे हिरडी सुजते, तोंड उघडवत नाही, गिळताना घसा दुखल्यासारखा वाटतो. ती अक्कलदाढ. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचा पदर राहतो आणि त्याखाली घाण साचते. परीक्षेच्या दिवसांत हे दुखणे हमखास उपटते, असे प्रत्येक आई सांगते.

आता घरातल्या लहानांकडे वळू. तान्ह्या बाळाच्या हिरडीवर किंवा टाळूवर कधी पांढरे मण्यांसारखे ठिपके दिसतात आणि आजी दचकते, कारण दात घेऊन जन्मलेल्या मुलाविषयी आपल्याकडे नाही नाही त्या समजुती आहेत. ते दात नसतात. नुसते बारीक फोड असतात, काही आठवड्यांत आपोआप जातात, त्यांना बोटाने चोळू नये, मधात बुडवलेले फडके तर मुळीच फिरवू नये. मूल सहा-आठ महिन्यांचे झाले किंवा पुढे पक्के दात येऊ लागले, की दात येण्याच्या जागी निळसर फुगवटा दिसतो. तोही बहुधा दात वर आला की फुटून जातो. या दोन्हींना घाबरण्याचे कारण नाही.

घाबरायचे ते तिसऱ्या गोष्टीला, आणि तिथेच आपण निवांत असतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दाढेखाली पिवळट पुळी येते. "दुधाचा तर दात, पडायचाच आहे," असे म्हणून सोडून देतात. पण त्या दुधाच्या दाढेच्या मुळांच्या कुशीतच पक्का दात घडत असतो. वर पुवाचे ठाणे असले तर खाली घडणाऱ्या दाताच्या कवचावर डाग, खड्डे पडू शकतात, आणि तो दात जन्मभर वापरायचा असतो. शिवाय मागच्या काही दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत टिकायच्या असतात. एवढी वर्षे पोराने एकाच बाजूने चावायचे का?

गरोदर बाईच्या हिरडीवर चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास कधी लालजांभळी, मऊ गाठ येते. ब्रश लागला की भळकन रक्त. घरात एकच घबराट होते. ही गाठ कर्करोगाची नसते. शरीरातल्या बदलत्या हार्मोन्समुळे आणि दातांवरच्या किटणामुळे ती उगवते आणि बाळंतपणानंतर बहुधा लहान होते किंवा जाते. ती डॉक्टरांना दाखवावीच, पण घाबरून नव्हे. 'पोटुशी बाईने दातांचे काही करू नये' हा सल्ला मात्र चुकीचा आहे. चौथा ते सहावा महिना हा दातांच्या कामाला चांगला काळ. डॉक्टरांना दिवस गेल्याचे सांगावे म्हणजे झाले. प्रत्येक बाळंतपणाला एक दात जातो, ही म्हणही तशीच. दात बाळ नेत नाही; नऊ महिने हिरड्यांतून रक्त येते म्हणून ब्रश करणे सोडलेले असते, ते नेते.

काही उंचवटे निव्वळ निरुपद्रवी असतात. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला, जिभेच्या अंगाला, दोन्हीकडे सारखे, दगडासारखे टणक टेंगूळ काहींना असते. ते हाडच असते, वर्षानुवर्षे तसेच राहते, कवळी बसवायची नसेल तर त्याला कोणी हात लावत नाही. एक पेन्शनर स्नेही चाळीस वर्षे असे टेंगूळ बाळगून होते आणि एका दिवशी जिभेला अचानक त्याचा शोध लागल्यामुळे आठ दिवस जेवले नाहीत.

कवळीवरून आठवले. सैल झालेली कवळी वर्षानुवर्षे तशीच वापरली तर तिची कड हिरडीला घासून तिथे मांसाच्या वळ्या वाढतात. "आता या वयात नवी कवळी कशाला," असे म्हणणारे आजोबा प्रत्येक घरात असतात. आणि रक्तदाबाच्या अॅम्लोडिपीनसारख्या काही गोळ्यांनी, फिट येऊ नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या फेनिटॉइनने, काहींच्या हिरड्या जाड होऊन दातांवर चढतात. गोळी मनाने बंद करायची नाही. डॉक्टर ती बदलून देऊ शकतात, पण त्यांना कोणी सांगितले तर ना!

ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते आता सांगतो. माझी एक मावशी कऱ्हाडजवळच्या खेड्यात राहायची. पहाटे चुलीवर तव्यात तंबाखू भाजून मशेरी करायची, सारवलेल्या घरभर तो वास पसरायचा. दिवसातून चार-पाच वेळा दातांना मशेरी लावून बसायची. त्यात दात घासणे निमित्त आणि तल्लफ खरी. दातांच्या औषधांत, मंजनांत तंबाखू घालायला १९९२ साली सरकारने बंदी केली, पण घरच्या तव्याला कोण बंदी करणार? मावशीच्या खालच्या हिरडीला, गालफडाच्या आत, एक खरबरीत जाडसर चट्टा आला आणि त्यावर गाठ. दुखली नाही. मग जवळची दाढ हलायला लागली. तालुक्याच्या गावी जाऊन तिने ती काढून घेतली. दाढेची जखम काही आठवड्यांत भरायला हवी, ती दोन महिने झाले तरी भरेना. सहा-सात महिन्यांनी मुंबईला आणली, परळला टाटामध्ये दाखवली, तेव्हा रोग जबड्याच्या हाडात शिरलेला होता. "एवढे दिवस सांगितलं का नाहीस?" म्हणून विचारले, तर म्हणाली, "आरं, दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?"

तिच्या या उत्तरात सगळे आले. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतातल्या पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे, आणि मशेरी, तंबाखूमुळे तो आपल्या बायकांनाही सोडत नाही. आपल्याकडे तो नेमका कुठे होतो? जिथे तंबाखूची गोळी दाबून ठेवली जाते तिथे, खालची हिरडी आणि गाल यांच्यामधल्या खोबणीत. नुसती सुपारीही निर्दोष नाही. ती कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. सुपारी-गुटख्याने गालाची आतली कातडी चामड्यासारखी आवळत जाते, तिखट झोंबू लागते आणि तोंड उघडायचे कमी होते. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर ते लक्षण आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळते ते वाचकांना ठाऊक आहे.

म्हणून तंबाखू-मशेरी-सुपारीचा संबंध असलेल्या माणसाच्या तोंडातली कोणतीही गाठ, व्रण, पांढरा किंवा त्याहून वाईट म्हणजे लाल मखमली चट्टा, दोन आठवड्यांत गेला नाही तर तो दाखवायचा. दुखो वा न दुखो. साधे तोंड येते, दात लागून जखम होते, ते बहुधा दोन आठवड्यांत भरून निघते. त्यापलीकडे जे राहते त्याला 'उष्णता' म्हणता येत नाही. कारण नसताना एखादाच दात हलू लागणे, दात काढल्याची जागा न भरणे, ओठ बधिर होणे, गळ्याला गाठ लागणे, हेही त्याच हिशेबात धरावे. ज्यांनी तंबाखू आयुष्यात शिवलेली नाही, त्यांनाही दोन आठवड्यांचा नियम सुटत नाही.

डॉक्टर गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासायला सांगतात, तेव्हा आपल्याकडे हमखास कोणी तरी म्हणते, "सुई लावू नका, पसरेल." या एका वाक्याने जितकी माणसे घालवली असतील, त्यांची मोजदाद नाही. तुकडा काढल्याने कर्करोग पसरत नाही. तो पसरतो तुकडा काढायला न गेलेल्या महिन्यांत. लहान असताना सापडला तर बहुतेकांना शस्त्रक्रियेने बरे करता येते.

आणि तो सापडायला काय लागते? केरळात थिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक घरोघर गेले आणि त्यांनी चांगल्या उजेडात लोकांची तोंडे तपासली. संशयास्पद वाटले त्यांना डॉक्टरांकडे धाडले. २००५ साली निष्कर्ष आले, तेव्हा तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले. महागडे यंत्र नाही, रक्ताची तपासणी नाही. उजेड आणि बघणारे डोळे.

हे घरी करता येते. महिन्यातून एखाद्या रविवारी आंघोळीआधी, कवळी असल्यास ती काढून, टॉर्च घ्यावा. ओठ उलटे करून, गाल बोटाने ओढून, खालची आणि वरची खोबण, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा, टाळू बघावी. हिरडीवरून स्वच्छ बोट फिरवावे. ज्येष्ठांचे तोंड सुनेने किंवा नातवाने बघावे; ते स्वतःहून सांगत नाहीत.

कधी थांबायचे नाही, तेही सांगितले पाहिजे. सूज गालावरून डोळ्याकडे किंवा जबड्याखाली मानेकडे पसरू लागली, ताप भरला, तोंड उघडेना, लाळ गिळता येईना, जिभेखालचा भाग फुगून जीभ वर उचलली गेली, आवाज घोगरा झाला, श्वासाला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट बघायची नाही, दवाखानाही शोधायचा नाही. थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचे. जर्मनीतल्या लुडविग नावाच्या वैद्याने १८३६ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले, तेव्हापासून तिला त्याचेच नाव आहे. दाताच्या पुवाने माणूस दगावतो, यावर आपला विश्वास बसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले. हिरड्या सगळीकडूनच एकदम सुजल्या, रक्त थांबेना, अंगावर काळेनिळे डाग आणि अशक्तपणा आला, तर दातांच्या आधी रक्त तपासावे. एरवीची ठणकणारी सूज एक-दोन दिवसांत, आणि येऊन-जाऊन राहणारी पुळी त्या आठवड्यात दाखवली म्हणजे पुरे.

तोवर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. मऊ ब्रश चालू ठेवावा. पुळी पिनेने फोडू नये, दाबून पिळू नये. ठणक्याला अॅस्पिरीनची गोळी हिरडीवर ठेवणारे आहेत. तिने हिरडी भाजते. लवंगेचे तेल पोकळ दातापुरते ठीक. हिरडीवर सांडले तर तेही पोळते. बाहेरून गालाला गरम शेक देऊ नये. आणि दातदुखीवर तंबाखूची चिमूट दाबायला सांगणाऱ्या शेजाऱ्याला चहा पाजून परत पाठवावे.

खर्चाची भीती खरी आहे. रूट कॅनाल आणि टोपी यांचा आकडा ऐकून दुखणे परवडले असे वाटते. मुंबईत सेंट जॉर्जेसच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये, इथे हे काम खासगी दवाखान्याच्या मानाने थोडक्यात होते. रांग असते, हेलपाटे पडतात, विद्यार्थी काम करतात आणि त्यांचे प्राध्यापक पाठीमागे उभे राहून बघतात. अशी दुहेरी सही असलेले काम मला तरी भरवशाचे वाटते.

जाताना चालू गोळ्यांची यादी न्यावी. साखर, रक्त पातळ करण्याची गोळी, हाडे ठिसूळ झाल्यावरचे इंजेक्शन, हृदयाची बदललेली झडप, सगळे सांगावे, आणि यातले काहीही स्वतःच्या मनाने बंद करून जाऊ नये. एक अडचण मात्र नेहमी येते. ज्या दिवशी नंबर लागतो त्या दिवशी पुळी नेमकी बसलेली असते आणि खुर्चीवर बसल्यावर माणूस म्हणतो, "इथेच कुठे तरी होती हो." म्हणून ती दिसेल त्या दिवशीच आरशासमोर उभे राहून पुढच्या दोन दातांमधल्या फटीपासून मागे मोजत जावे आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवावे : खाली, डावीकडे, सहावा.